मैनेचा शेवटचा खेळ

भक्तीच्या दुकानाचं नाव 'मैना झेरॉक्स', आणि त्यावरून तिची थट्टा केली नाही असा माणूस सेलूत शोधूनच काढावा लागला असता. तहसीलसमोरच्या बोळात हातभर काउंटर, एक जुनं मशीन, आणि सातबाऱ्याची नक्कल काढायला आलेली, आधीच वैतागलेली माणसं. डिसेंबरची गार दुपार होती. जिनिंगकडून कापसाची तूस उडत यायची अन् काउंटरवर, मशीनवर, भक्तीच्या वेणीवर बसायची. फुंकर मारून मारून ती कंटाळली होती.

"ह्याची एक रंगीत कॉपी काढा. जरा सांभाळून, कागद जुना हाय."

भक्तीनं वर न बघताच कागद घेतला. घडीघडीवर फाटलेली कसली तरी जाहिरात होती. तिनं ती काचेवर पालथी घातली, बटण दाबलं. उजेडाची पट्टी सरकत गेली आणि मशीनच्या तोंडातून ऊन-ऊन कागद बाहेर आला. त्या कागदावर तिची आई होती. बावीस-तेवीस वर्षांची, डोळ्यांत भरून काजळ, अंगात चमकीचं पोलकं, दोन्ही हातांनी पिंजऱ्याचे गज धरलेले. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं — 'प्रोफेसर गोपाळ यांचा जादूचा खेळ. बघता बघता बाईची वाघीण.'

आई जाऊन सात वर्षं झाली होती. तो गरम कागद हातात धरून भक्ती उभीच राहिली.

"काय झालं? नीट न्हाई आली का कॉपी?"

आता तिनं वर पाहिलं. सावळा, शेलाटा, सत्ताविशीतला मुलगा. खांद्यावर बॅग, बगलेत कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड, आणि केसांत कापसाची तूस अशी अडकलेली की आत्ताच कुणीतरी गंजीवरून ढकलून दिलं असावं.

"हे तुमच्याकडं कुठून आलं?"

"मी इचारायच्या आधी तुमीच इचारायलात," तो हसला. मग त्यानं दुकानाची पाटी वाचली, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. "मैना... तुमीच का?"

"मैना वाघीण होती. माझं नाव भक्ती. अन् ह्या फोटोतली बाई माझी आई."

त्याच्या हातातून स्टँड निसटता निसटता राहिलं. "म्हंजे प्रोफेसर गोपाळ —"

"माझे वडील. घरी झोपलेत. चारला उठतात."

"अरे देवा," तो म्हणाला आणि तिथल्या स्टुलावर बसलाच. "मग आमचं तुमचं लय जुनं नातं हाय."

"कसलं?"

"मटणाचं. मी वालूरचा भागवत. येडबा मेंढरंवाल्याचा पोरगा. तुमच्या मैनेला म्हाताऱ्या मेंढ्या आमच्याच वाड्यातून यायच्या. माझा बाप अजून सांगतो, प्रोफेसरची वाघीण आपल्या मेंढ्यांवर पोसली म्हणून. ही जाहिरात बी त्यानंच जपलेली."

भक्तीला हसू आलं, पण तिनं ते काही दाखवलं नाही. "मग काय, मेंढरं मागायला आलात?"

"न्हाई. मैनेला मागायला आलो."

तर असा हा भागवत तिच्या आयुष्यात आला. संभाजीनगरला कॅमेऱ्याचं शिकला होता, पोटापाण्यासाठी लग्नांची शूटिंग करत होता, आणि मनातून एक डॉक्युमेंट्री करत होता — रंगमंचावर वाघ-सिंह घेऊन जादू करणाऱ्या जादूगारांवर. पंचवीस वर्षांपूर्वी सरकारनं अशा खेळांना बंदी घातली आणि ही माणसं कुठं कुठं विरून गेली. हैदराबादला सिंहवाले एक म्हातारे त्याला सापडले होते, अकोल्याकडं एक बिबट्यावाले. तिसरे हे प्रोफेसर. "ही माणसं गेली की गोष्ट बी गेली," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याची थट्टा एकदम थांबली. तिथंच कुठंतरी भक्ती जराशी पाघळली असावी. तिनं कॉपीचे पैसे घेतले नाहीत. खरं तर ती सख्ख्या मावशीलाही फुकट कॉपी द्यायची नाही.

प्रोफेसर गोपाळ म्हणजे सेलूचं एक प्रस्थ. शाळेत गॅदरिंग असो की गणपती, प्रोफेसरांची जादू हवीच. टोपीतून कबुतर काढून झालं की शेवटी ते मैनेची गोष्ट सांगत. सरकारची गाडी कशी आली, मैना कशी मागं वळून वळून बघत होती, गाडीत चढताना तिच्या डोळ्यांतून पाणी कसं आलं... पोरं रडायची, बाया पदर डोळ्यांना लावायच्या. अशा वेळी भक्ती शेजारी टोपी धरून उभी असे. सहा वर्षांची होती तेव्हापासून.

कॅमेरा येणार म्हटल्यावर आप्पांनी — घरात ती त्यांना आप्पाच म्हणायची — पेटीतला मखमली कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर सुटला. रोज दुपारी चारला ते कोट घालून, मिशीला तेल लावून खुर्चीत बसत आणि भागवतची वाट बघत. भागवत वालूरहून मोटारसायकलवर यायचा, आणि उजेड पाडायला एक पांढरा थर्मोकोल भक्तीच्या हातात द्यायचा.

"जरा वर धरा. अजून जरा... तुमच्याच तोंडावर उजेड पडायलाय, प्रोफेसरांच्या न्हाई."

"मग कॅमेरा इकडं कशाला वळवलात?"

"उजेड वाया जाऊ नये म्हणून."

आप्पा खाकरायचे. दोघंही शहाण्यासारखी कामाला लागायची.

असे पंधरा दिवस गेले, महिना गेला. वालूरचा मुलगा रोज एवढं पेट्रोल जाळून येतो, त्यातलं किती जादूगारासाठी आणि किती झेरॉक्ससाठी, हे गल्लीतल्या चहावाल्यालाही कळलं होतं. तो तिघांचा चहा पाठवताना दोनच बशा पाठवायचा आणि वर साळसूदपणे विचारायचा, पुरल्या का म्हणून.

एक दिवस शटर ओढता ओढता भागवत म्हणाला, "एक इचारू का? तुमी चहावाल्याकडं बघता. मशीनकडं बघता. त्या लंगड्या कुत्र्याकडं बी मायेनं बघता. माझ्याकडं कधीच बघत न्हाईत. मी एवढा वाईट दिसतो का?"

भक्ती कुलूप लावत होती. ती कुलपाकडंच बघत राहिली.

"आप्पांनी शिकवलंय. ज्या हातात काम चाललंय त्या हाताकडं बघायचं न्हाई. जोडीदाराची नजर जिकडं गेली, पब्लिकची नजर तिकडं जाती, अन् जादू उघडी पडती. लहानपणी चुकून बघितलं की छडी बसायची."

"त्याचा अन् माझा काय संबंध?"

"बघा आता तुमीच," ती म्हणाली आणि तरातरा चालू लागली.

त्याला कळायला अर्धं मिनिट लागलं. कळल्यावर त्यानं हेल्मेट उलटं घातलं, आणि तसंच घालून तो वालूरला गेला.

फेब्रुवारीत एका दुपारी आभाळ अवचित भरून आलं. मार्केट यार्डाच्या मैदानावर पूर्वी प्रोफेसरांचा तंबू लागायचा. ती जागा टिपायला भागवत आणि भक्ती तिथं गेली होती. थेंब पडायला लागले तशी एकच धांदल उडाली. कापसाच्या गंज्या उघड्या पडलेल्या, हमाल ताडपत्र्या घेऊन पळायला लागले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ढिगावर ताडपत्री पुरत नव्हती. दोघांनी दोन टोकं धरली आणि ओढून धरून तिथंच ताडपत्रीखाली बसली. वर टपटप आवाज, खाली कापसाची ऊब, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा.

"भक्ती," तो म्हणाला. 'तुमी' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "मला तुझ्याबरोबर... म्हंजे मला असं वाटायलंय की..."

"टोक धर नीट. पाणी आत यायलंय."

"धरलंय. ऐक तर."

"ऐकायलेय."

पण तो पुढचं बोललाच नाही. नुसता तिच्या वेणीतली तूस एकेक करून काढत राहिला, आणि तिनं काढू दिली. पाऊस लवकर थांबू नये असं तिला मनापासून वाटलं. शेतकऱ्याचं नुकसान होतंय हे लक्षात येऊन लगेच लाजही वाटली.

मग तो म्हणाला, "एक गोष्ट मला टोचायलीय. एडिटिंगला बसलो तवा ध्यानात आलं. मैना गाडीत चढल्याचं आप्पा दर बारीला वेगळं सांगतात. एकदा गाडी निळी, एकदा हिरवी. एकदा सकाळ, एकदा दिवस बुडताना. बाकी सगळं त्यांना तारखेनिशी पाठ हाय. तेवढंच न्हाई."

 यामागचं खरं भक्तीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही, असंच तिनं ठरवलेलं होतं. पण माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्यापुढं ठरवलेलं किती टिकतं? तिनं सांगितलं.

गाडी आली होती, पण न्यायला तिथं मैनाच नव्हती. मैना चार दिवस आधी मेली होती. मानवतच्या जत्रेत, भर खेळात. पिंजऱ्यामागं काळ्या पडद्याआड एक लोखंडी पेटी असायची. खेळ सुरू व्हायच्या आधी मैनेला त्या पेटीत बसवायचे. आवाज करू नये म्हणून मटणातून अफूची गोळी द्यायचे. घंटा वाजली की आई खालच्या फटीतून उतरायची, फळी सरकायची अन् मैना पिंजऱ्यात यायची. त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं आणि प्रमुख पाहुणे यायला दोन तास उशीर झाला. मैना पेटीत तशीच. मधे ती नखांनी पत्रा खरवडायला लागली, तेव्हा आप्पांनी दुसरी गोळी दिली. आई फळीच्या अलीकडं उभी होती. तिला मैनेचा श्वास ऐकू यायचा, रोजच यायचा. त्या दिवशी तो थांबलेला तिला आधी कळला. पण खेळ मोडायचा नाही, काही झालं तरी मोडायचा नाही, ही शिकवण. तिनं तोंड उघडलं नाही. फळी सरकली, मैना उठली नाही. आप्पा पब्लिकला म्हणाले, मैना आज रुसलीय. पब्लिक हसलं. टाळ्या पडल्या.

"वनखात्याच्या माणसांना आजारानं गेली म्हणून लिहून दिलं. गावाला सांगितलं, सरकारनं नेली. आई दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तवा तिनं मला सांगितलं. आप्पांना म्हाईत न्हाई मला म्हाईत हाय ते."

पाऊस उघडला होता. हमाल ताडपत्री ओढायला लागले तरी भागवत हलेना.

"भक्ती," तो शेवटी म्हणाला, "हीच गोष्ट हाय. बाकी माझ्याकडं नुसता कोट अन् टोपी हाय. हैदराबादचे म्हातारे बाबा कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. आपण सिंहाचं काय केलं ते त्यांनी सगळं सांगितलं. मी फकस्त इचारलं होतं त्यांना. आप्पांना बी इचारू दे."

"न्हाई."

"तुझं नाव घेत न्हाई. गाडीच्या रंगावरूनच इचारतो."

"न्हाई म्हणले ना. त्या नावावर तर माणूस घराबाहेर पडतो. उद्या शाळेतली पोरं म्हणतील, प्रोफेसरनं वाघीण मारली. त्यांचं काय राहील मग?"

"अन् त्यांनाच सांगावंसं वाटत आसंल तर?"

"बाप माझा हाय. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतो." आणि मग तिच्या तोंडून ते गेलं, जे पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःच्याच कानांत ऐकू येत राहणार होतं. "तू माझ्यापायी यायलास का मैनेपायी, ते आधी ठरव."

भागवतचा चेहरा उतरला. तो उठला, पँटीवरची तूस झटकली. "न्हाई इचारत," म्हणाला. "शब्द दिला."

पोरगं शब्दाचं पक्कं होतं, तिथंच सगळं फिसकटलं.

शूटिंगचा शेवटचा दिवस. आप्पांनी पुन्हा एकदा गाडीची गोष्ट सांगितली. या वेळी गाडी पांढरी होती. भागवतनं कॅमेरा बंद केला, तरी आप्पा कोटाची बटणं लावूनच खुर्चीत बसून राहिले.

"झालं का? अजून काई इचारायचं आसंल तर इचार बाबा. मला घाई न्हाई."

भागवतनं भक्तीकडं पाहिलं. ती थर्मोकोल धरून उभी होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली, इतकी टक लावून, की जसं काही तिला आजची तारीखच ठाऊक नव्हती.

"न्हाई काका," भागवत म्हणाला. "झालं सगळं."

आप्पा आणखी थोडा वेळ बसले. मग त्यांनी कोट काढला.

मार्चमध्ये भागवतला हैदराबादच्या एका चॅनेलमध्ये एडिटिंगचं काम लागलं. महिनाभर दोघांत धड बोलणं नव्हतं, तरी भक्ती स्टेशनवर गेली. दशम्यांचा डबा बरोबर नेला होता, म्हणजे तेवढंच निमित्त. फलाटावर ऊन तापलं होतं. भागवतनं डबा घेतला, बॅगेत ठेवला, पुन्हा काढून हातात धरला.

"मी घरी बोललोय. आईला अन् बापाला. त्यांची ना न्हाई," तो म्हणाला. "तू हो म्हणलीस तर आप्पांना भेटाया दोघं बी येतील. हैदराबादेत झेरॉक्सची दुकानं लय चालतात म्हणं..." तो हसायला गेला, जमलं नाही. "भक्ती, माझ्याकडं बघून सांग. हो का न्हाई?"

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं विचारल्यावर अडलं कुठं? अडलं तिच्या रागात. मैनेचं नाव काढलं म्हणून अजून राग होता, आणि आपणच त्याला घालून पाडून बोललो याचा त्याहून जास्त. शिवाय ती अट — माझ्याकडं बघून सांग. ज्या गोष्टीवर सारा जीव लागलेला असतो, नेमकं तिच्याकडंच बघायचं नाही, हे तिच्या हाडांत मुरलेलं. ती रुळांकडं बघत राहिली. पलीकडं एक बाई शेळीला बांधायला दोरी शोधत होती, तिच्याकडं बघत राहिली. गाडी आली. तिला वाटलं तो आणखी एकदा विचारील. त्याला वाटलं, उत्तर मिळालं.

"बरं," तो म्हणाला. "डब्यासाठी... थँक्यू."

गाडी गेल्यावर ती दुकानात आली आणि त्या दिवशी तिनं एका माणसाच्या आधारकार्डाच्या एकवीस कॉप्या काढल्या. त्याला एक हवी होती.

सुरुवातीला ती फोनची वाट बघायची. मग आपणच करावा असं रोज ठरवायची, आणि रोज संध्याकाळी शटर ओढताना उद्यावर ढकलायची. असं करत करत वर्षावर दिवस लोटले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये भागवतच्या डॉक्युमेंट्रीची लिंक आली. वर एक ओळही लिहिलेली नव्हती. भक्तीनं आप्पांना दुकानात आणून कॉम्प्युटरसमोर बसवलं. आप्पा डोळे बारीक करून, मान पुढं काढून बघत होते. अकोल्याचे बिबट्यावाले झाले. मग हैदराबादचे म्हातारे आले. त्यांनी सांगितलं, सिंहाचे दात आम्ही कसे काढले, तो शेवटी भिजवलेली भाकर कशी खायचा. सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि कॅमेरा बराच वेळ त्यांच्या थरथरत्या हनुवटीवर थांबला. त्यानंतर प्रोफेसर गोपाळ. मखमली कोट, तेल लावलेली मिशी, पांढरी गाडी, मैनेचे अश्रू. छान दिसत होते. नाटकातल्यासारखे छान.

संपलं. आप्पा काळ्या पडद्याकडं बघत बसले.

"त्या हैदराबादवाल्याला त्यानं इचारलं आसंल," ते म्हणाले.

"कुणी?"

"भागवतानं. मला बी इचारील असं वाटलं होतं. पोरगं हुशार होतं, त्याला वास लागला होता. मी गाडीचा रंग मुद्दाम बदलून सांगायचो, आज पकडील, उद्या पकडील... रोज कोट घालून बसायचो. आपल्याच्यानं आपण होऊन तोंड उघडवत न्हाई बघ. कुणी इचारलं असतं तर सांगून मोकळा झालो असतो."

भक्तीनं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. 

"काय सांगितलं असतं आप्पा?"

"तुला म्हाईत हाय ते. तुझी आई, कडू, तुला सांगितल्याबिगर गेली नसंल. मैनेची गोष्ट सांगायला लागलो की तू टोपी घट्ट धरायचीस. मी काय आंधळा हाय का?"

आई गेल्यापासून आठ वर्षं बाप-लेक दोघंच एका घरात राहिले होते. एका ताटलीत पापड मोडून खाल्ला होता. आणि दोघंही एकमेकांना जपत बसले होते.

"मीच नको म्हणले त्याला," भक्ती म्हणाली. "मीच शब्द घेतला, इचारू नको म्हणून. तुमची इज्जत जाईल म्हणून."

आप्पांनी मान वळवली. "अन् त्यो गेला?"

"गेला."

"माझ्यापायी?"

 आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला नाही. "लय मोठं पाप केलं म्या," ते हळूच म्हणाले. मैनेबद्दल म्हणाले की लेकीबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. "बोलाव त्याला. मला सांगायचंय."

भक्तीनं फोन लावला. दोन रिंगांत त्यानं उचलला, आणि नुसतं "बोल" म्हणाला. तो एक शब्द ऐकून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. आप्पांचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, रविवारी येतो. मग जरा थांबून म्हणाला, "तुला सांगायचं होतं... माझी सोयरीक झाली. मागच्या महिन्यात. पाथरीची हाय. बबिता नाव तिचं."

"बरं झालं," भक्ती म्हणाली. आवाज नीट आला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी तो आला. जरा भरला होता, दाढी ठेवली होती. आप्पांनी कोट घातला नाही. साध्या सदऱ्यावर, उघड्या डोक्यानं बसले. भक्तीनं थर्मोकोल धरला. भागवतनं काही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले, आणि मानवतचं ऊन, ती पेटी, दुसरी गोळी, सगळं सांगून टाकलं. 'मैना रुसलीय' म्हणताना ते थांबले, आणि पाणी न पिता तसेच पुढं गेले. शेवटी म्हणाले, "ती मुकी होती. कडू मुकी न्हवती, पण मी तिला मुकी केली. एवढंच."

भागवतनं कॅमेरा बंद केला.  तो वायरी गुंडाळायला लागला तेव्हा आप्पांनी विचारलं, "भागवता, जाताना माझ्या पोरीला काई इचारलं होतंस का तू?"

भागवतचे हात थांबले. "इचारलं होतं काका."

"काय म्हणली?"

"काईच न्हाई म्हणली."

"हो म्हणायचं होतं मला," भक्ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडं बघायला लागले. भागवतच्या हातातली वायर सुटून खाली पडली.

"आता सांगून काय व्हणार हाय, भक्ती?" तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला.

"काई व्हणार न्हाई. तुझं लगीन हाय, ते होऊ दे. बबिताला सुखात ठेव. पण मी तुला नको म्हणले असं जन्मभर समजू नको. मला तू पायजे होतास. लय पायजे होतास. मी बोलले न्हाई, ही माझी चूक. तुझी न्हाई."

आप्पा उठून आत गेले. आत भांड्याचा आवाज झाला, चहा ठेवत असावेत. भागवत खाली बसून बॅगेची चेन लावू लागला, आणि ती लावायला त्याला फार वेळ लागला. मग उठला. चहाला थांबला नाही. आत जाऊन आप्पांच्या पाया पडला, बाहेर आला, उंबऱ्यात खाली वाकून चपला घातल्या.

"मला बी तूच पायजे होतीस," तो म्हणाला.

आणि गेला. सव्वापाचची गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर होती.